एकाच नावाच्या दोन-दोन युद्धनौका: सतत विचारले जाणारे प्रश्न

विक्रांत, खुकरी, कलवरी, तलवार, गोदावरी... भारतीय नौदलात ही नावं दोनदा, काही तर तीनदा आलीत आणि त्यावरून होणारा गोंधळ काही संपत नाही. ४ डिसेंबरला नौदल दिन आला की १९७१ च्या लढाईच्या मजकुरासोबत नव्या जहाजाचा फोटो हमखास फिरत असतो. लोक जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. माझं म्हणणं एवढंच की पराक्रम ज्या जहाजाचा आणि ज्या माणसांचा, तो त्यांच्याच खात्यावर जमा झाला पाहिजे.

१. मी लहानपणी मुंबईत विक्रांत आतून बघितलीय. कोचीनला बांधली ती तीच का, दुरुस्त करून?

नाही, ते पूर्ण वेगळं जहाज आहे. तुम्ही पाहिलेली विक्रांत मुळात ब्रिटिशांची. १९४३ मध्ये 'हर्क्युलिस' या नावाने तिचं काम सुरू झालं, महायुद्ध संपल्यावर ते अर्धवट राहिलं, १९५७ ला भारताने ती विकत घेतली, बेलफास्टला पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ ला ती आयएनएस विक्रांत झाली. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, २००१ ते २०१२ मुंबईत म्युझियम होती, २०१४ मध्ये साठ कोटींना विकली गेली आणि दारूखान्यात तोडली. लोकांनी वाचवायचा प्रयत्न केला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, पण नाही वाचली. तिच्या धातूचं एक छोटं स्मारक मुंबईत लायन गेटजवळ आहे, आणि काही पोलाद बजाजने मोटरसायकलच्या टाक्यांत वापरलं.

आत्ताची विक्रांत कोचीन शिपयार्डने बांधली, २ सप्टेंबर २०२२ ला दाखल झाली. जुनी साधारण २१३ मीटर लांब होती, नवी २६२ मीटर आहे, आणि वजन जुनीच्या दुपटीपेक्षा जास्त. म्हणजे "दुरुस्त करून" हा प्रश्नच येत नाही.

२. नावं संपली का? तीच तीच का देतात?

संपली वगैरे काही नाही. ही मुद्दाम जपलेली परंपरा आहे आणि जगातल्या बहुतेक जुन्या नौदलांत आहे. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात त्यातलाच प्रकार. जहाज भंगारात गेलं तरी नाव सेवेत परत यावं, नव्या जहाजावर रुजू होणाऱ्या विशीतल्या मुलाला आपल्या आधी याच नावाखाली कोण लढलं ते माहीत असावं, हा त्यामागचा हेतू. कधी नावासोबत ब्रीदवाक्यही येतं. विक्रांतचं 'जयेम सं युधि स्पृधः' हे ऋग्वेदातलं वाक्य दोन्ही विक्रांतवर आहे.

३. एकाच नावाची दोन जहाजं एकाच वेळी नौदलात असू शकतात का?

सेवेत असलेली, नाही. जुनं निवृत्त झालं की नाव मोकळं होतं. मग ते लगेच येईल असं मात्र नाही, वागशीर पाणबुडीचं नाव १९९७ ला मोकळं झालं आणि थेट १५ जानेवारी २०२५ ला परत आलं. वेला त्या मानाने लवकर आली, जुनी २०१० ला गेली, नवी २०२१ ला.

पण विक्रांतच्या बाबतीत एक वेगळीच गोष्ट घडली. नव्या विक्रांतचं जलावतरण १२ ऑगस्ट २०१३ ला कोचीत झालं, नाव त्याच दिवशी ठेवलं गेलं, आणि तेव्हा जुनी विक्रांत मुंबईत पाण्यावर उभी होती! तिची तोडणी २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. म्हणजे वर्षभराहून जास्त काळ विक्रांत नावाची दोन जहाजं देशात होती. नियम मोडला का? नाही, कारण जुनी निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती आणि नवी अजून 'आयएनएस' झालेलीच नव्हती. 'आयएनएस' हे कमिशन झाल्यावर, म्हणजे रीतसर नौदलात दाखल झाल्यावरच लागतं, तोपर्यंत कागदोपत्री यार्ड नंबर चालतो, जसं माझगाव डॉकमध्ये वागीर पाणबुडी 'यार्ड ११८७९' होती.

४. फोटोत जहाज दिसतंय, नाव एकच आहे, मग जुनं की नवं ओळखायचं कसं?

जहाजाच्या बाजूला मोठ्या अक्षरात रंगवलेला पेनंट नंबर बघा, म्हणजे एक-दोन इंग्रजी अक्षरं आणि आकडा. इथे नौदलाने खूप सुंदर काम केलंय. जुनी खुकरी एफ १४९, नवी पी ४९. जुनी किरपाण एफ १४४, नवी पी ४४. कुठार एफ १४६, नवी पी ४६. तलवार एफ १४० ची एफ ४० झाली, त्रिशूल एफ १४३ ची एफ ४३. मैसूर सी ६० ची डी ६०. शेवटचे दोन आकडे जपलेत, आणि हे कोणी सांगितल्याशिवाय लक्षातसुद्धा येत नाही.

अपवाद आहेतच. विक्रांत दोन्ही आर ११, त्यामुळे तिथे नंबरचा काही उपयोग नाही, पण पुढचं टोक वर उचललेली धावपट्टी दिसली, जिला स्की जंप म्हणतात, आणि डेकवर मिग-२९के उभी असली की नवी. (जुनीलाही शेवटच्या काळात स्की जंप बसवली होती, म्हणून विमानं बघणं महत्त्वाचं.) आणि कामोर्टा, कदमत, किल्तान, कवरत्ती या चौघींत जुन्या-नव्या नंबरांचा काही संबंध नाही. जुनी कामोर्टा पी ७७ होती, नवी पी २८ आहे. पाणबुड्यांची गंमत प्रश्न ७ मध्ये.

५. कराचीवर हल्ला करणारी वीर, निपात, निर्घात अजून आहेत का?

नाहीत. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या सोव्हिएत बनावटीच्या छोट्या मिसाइल बोटी होत्या. त्याच नावांच्या मोठ्या बोटी ऐंशीच्या दशकात आल्या, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंबईत वीर आणि निपात निवृत्त झाल्याची बातमी आली ती या दुसऱ्या पिढीची. त्या बातमीत अनेकांनी "कराची जाळणारी वीर निवृत्त" असं लिहिलं, ते चूक आहे. त्या रात्री सोबत असलेली किल्तान पण जुनी, आत्ताची किल्तान २०१७ ची. आणि त्यानंतर चार दिवसांनी विनाश बोटीसोबत कराचीकडे गेलेल्या तलवार आणि त्रिशूल याही पहिल्या.

६. दीवला ठेवलेली खुकरी म्हणजे १९७१ ला बुडालेली खुकरी बाहेर काढली का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

१९७१ ची खुकरी ब्रिटनमध्ये बांधलेली छोटी फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौकेचा प्रकार), खास पाणबुड्या शोधण्यासाठीची. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून साधारण चाळीस सागरी मैलांवर हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बुडाली, काही मिनिटांत. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. ती खुकरी अजून समुद्राच्या तळाशी आहे, कोणी बाहेर काढलेली नाही, आणि ती जागा त्या १९४ जणांची आहे.

तुम्ही दीवला बघता ती दुसरी खुकरी, माझगाव डॉकमध्ये बांधलेली मिसाइल कॉर्वेट (फ्रिगेटपेक्षा लहान युद्धनौका), २३ ऑगस्ट १९८९ ला दाखल झाली आणि २३ डिसेंबर २०२१ ला विशाखापट्टणमला निवृत्त झाली. ती भंगारात न देता दीवच्या प्रशासनाला म्युझियम म्हणून दिली. दीवला आधीपासून एक खुकरी स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती असलेलं, ते पहिल्या खुकरीचं. म्हणजे एकाच गावात पहिलीचं स्मारक आणि दुसरी स्वतः, दोन्ही. गेलात तर दोन्ही बघा आणि मुलांना फरक नक्की सांगा.

त्या रात्री खुकरीसोबत किरपाण होती, ती वाचली. तिच्या नावाची दुसरी किरपाण २०२३ च्या जुलैमध्ये भारताने व्हिएतनामला भेट दिली. बातमीत "१९७१ ची किरपाण व्हिएतनामला" असं वाचलं असेल तर ते दुरुस्त करून घ्या.

७. कलवरी, खांदेरी, करंज... या पाणबुड्या नव्या आहेत ना? मग बाबा म्हणतात त्यांनी साठ-सत्तरच्या दशकात पाहिल्यात ते कसं?

बाबांचं बरोबर आहे. पहिली कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला सोव्हिएत युनियनमध्ये रीगा इथे दाखल झाली, भारताची पहिली पाणबुडी, म्हणून ८ डिसेंबर हा आपला पाणबुडी दिन. तशा 'फॉक्सट्रॉट' जातीच्या एकूण आठ पाणबुड्या आल्या: कलवरी, खांदेरी, करंज, कुरसुरा, वेला, वागीर, वागली, वागशीर. आत्ताच्या 'स्कॉर्पीन' जातीच्या सहा पाणबुड्या मुंबईत माझगाव डॉकने बांधल्या आणि त्यांना या आठातली सहा नावं मिळाली. पहिली नवी कलवरी १४ डिसेंबर २०१७ ला, सहावी वागशीर २०२५ ला. राहिल्या कुरसुरा आणि वागली. त्यातली कुरसुरा विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर म्युझियम म्हणून उभी आहे, आत जाऊन बघता येते, आणि माझ्या मते जुन्या पाणबुडीवरच्या माणसांनी किती अरुंद जागेत महिने काढले ते कळायला तिथेच जायला हवं.

आता नंबरांची गंमत. जुनी कलवरी एस २३, जुनी करंज एस २१. नवी कलवरी एस २१ आणि नवी करंज एस २३! बरोब्बर अदलाबदल. मधली खांदेरी मात्र जुनी पण एस २२ आणि नवी पण एस २२. म्हणजे "एस २३" असं कुठे वाचलं तर आधी साल बघा.

खांदेरी हे नाव मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. अलिबागजवळ थळसमोरचं बेट, शिवाजी महाराजांनी १६७९ ला तिथे किल्ला बांधायला घेतला आणि मायनाक भंडारी, दौलतखान यांनी मुंबईच्या इंग्रजांशी आणि सिद्दीशी झुंजत ते बेट राखलं. मुंबईच्या तोंडावरचा तो किल्ला, आणि नवी खांदेरी पाणबुडी त्याच मुंबईत २८ सप्टेंबर २०१९ ला दाखल झाली. पहिली निवृत्त झाल्याला तेव्हा तीस वर्षं होत आली होती.

८. निलगिरी क्लासमध्ये सगळी नावं जुनीच आहेत का?

एक सोडून सगळी. क्लास म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांचा गट. जुन्या निलगिरी क्लासमध्ये सहा फ्रिगेट होत्या: निलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी. सगळ्या माझगाव डॉकच्या, आणि १९७२ ला दाखल झालेली निलगिरी म्हणजे भारतात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका. नव्या क्लासमध्ये सात आहेत, त्यामुळे सातवं नाव नवीन लागलं, महेंद्रगिरी. जुनी महेंद्रगिरी शोधत बसू नका, नव्हतीच. नव्या निलगिरीचं कमिशनिंग १५ जानेवारी २०२५ ला झालं, उदयगिरी आणि हिमगिरीचं २६ ऑगस्ट २०२५ ला.

जुन्या निलगिरीला निवृत्तीनंतर १९९७ मध्ये आपल्याच सी हॅरियर विमानाने क्षेपणास्त्राच्या चाचणीत बुडवलं. जुनी विंध्यगिरी २०११ च्या जानेवारीत मुंबई बंदरात एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन पेटली आणि गोदीत बुडाली, नंतर वर काढली पण पुन्हा सेवेत आली नाही. त्यामुळे "विंध्यगिरी तर बुडाली होती ना?" याचं उत्तर: हो, ती पहिली.

९. गोवा मुक्तीत भाग घेतलेल्या दिल्ली, मैसूर, बेतवा, त्रिशूल म्हणजे आत्ताच्याच का?

एकही नाही. १९६१ च्या डिसेंबरात मुरगाव बंदरात पोर्तुगीजांच्या अफोन्सो द आल्बुकर्क या युद्धनौकेशी लढलेल्या बेतवा आणि बियास, अंजदीवला गेलेल्या मैसूर आणि त्रिशूल, दीवसमोर असलेली दिल्ली, सगळ्या पहिल्या पिढीच्या आणि ब्रिटनमध्ये बांधलेल्या. नव्या दिल्लीचं साल १९९७, मैसूरचं १९९९, त्रिशूल २००३, बेतवा २००४, बियास २००५.

जुन्या दिल्लीबद्दल थांबून सांगायलाच हवं. ती मूळची न्यूझीलंडची ॲकिलीस, डिसेंबर १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेजवळ जर्मनीच्या ग्राफ श्पे या युद्धनौकेशी लढलेल्या तिघींपैकी एक. १९४८ ला ती आपल्याकडे आली. पुढे त्या लढाईवर सिनेमा निघाला तेव्हा ॲकिलीसचं काम करायला आपली दिल्लीच गेली, म्हणजे तिने स्वतःचीच भूमिका केली. १९७८ ला निवृत्त झाल्यावर भारताने तिच्या तोफांचा एक टरेट (तोफा बसवलेला फिरता बुरूज) न्यूझीलंडला भेट दिला, तो ऑकलंडला डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी जरूर बघून यावा. आणि हो, ब्रिटिशांचीही एक दिल्ली नावाची क्रूझर होती, पहिल्या महायुद्धानंतर दाखल झालेली, ती वेगळी.

१०. १९४६ चं नाविकांचं बंड 'तलवार' जहाजावर सुरू झालं ना? ते जहाज कुठाय?

तलवार हे जहाज नव्हतंच. मुंबईत कुलाब्याला रॉयल इंडियन नेव्हीची सिग्नल स्कूल होती, तिचं नाव तलवार. १८ फेब्रुवारी १९४६ ला तिथल्या नाविकांनी निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणुकीवरून संप केला आणि तो मुंबईभर, कराचीपर्यंत पसरला. तलवार नावाची पहिली फ्रिगेट १९५९ ची, दुसरी २००३ ची, रशियात बांधलेली. जमिनीवरच्या तळाला जहाजासारखं नाव का, ते प्रश्न १५ मध्ये.

११. गोदावरी नावाची भारतीय युद्धनौका पाकिस्तानकडे गेली होती हे खरं का?

खरं आहे. नौदलात तीन गोदावरी झाल्या. पहिली १९४३ ची स्लूप, म्हणजे छोटी युद्धनौका, फाळणीत जहाजं वाटली तेव्हा गोदावरी आणि नर्मदा पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या, तिथे गोदावरीचं नाव 'सिंध' झालं. नदी इकडे आणि जहाज तिकडे, त्यामुळे नाव मोकळंच होतं. १९५३ मध्ये ब्रिटनची बेडेल ही विनाशिका आपल्याकडे आली ती दुसरी गोदावरी, आणि हीच नौका महायुद्धात पोलंडच्या नौदलात वेगळ्या नावाने लढली होती. तिसरी गोदावरी १९८३ ची, माझगाव डॉकची, २०१५ च्या डिसेंबरात मुंबईत निवृत्त झाली.

१२. ब्रिटिशांची हर्मिस १९४२ ला जपान्यांनी बुडवली, मग आपण १९८७ ला घेतलेली विराट हर्मिस कशी?

दोन हर्मिस. पहिली ९ एप्रिल १९४२ ला श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ जपानी विमानांनी बुडवली, ती आजही तिथेच तळाशी आहे. नंतर, 'एलिफंट' नावाने बांधायला घेतलेल्या विमानवाहू जहाजाचं नाव बदलून हर्मिस केलं, ती १९५९ ला दाखल झाली, १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याची मुख्य नौका होती आणि मग १२ मे १९८७ ला आयएनएस विराट झाली.

१३. ॲडमिरल गोर्शकोव्ह तर आपण विकत घेतली, मग रशियाच्या बातम्यांत अजून तिचं नाव कसं येतं?

आपण घेतलेली गोर्शकोव्ह २०१३ पासून आयएनएस विक्रमादित्य आहे. नाव मोकळं झाल्यावर रशियाने ते एका नव्या फ्रिगेटला दिलं, ती २०१८ ला दाखल झाली. बातम्यांत येते ती हीच.

१४. पाकिस्तानची गाझी बुडाली होती ना, मग नंतरच्या यादीत गाझी कशी?

तिकडेही तीच परंपरा. विक्रांतच्या मागावर आलेली गाझी, मूळची अमेरिकन डायब्लो, ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. पुढे १९७५ मध्ये पोर्तुगालकडून घेतलेल्या पाणबुडीला त्यांनी गाझी नाव दिलं. खुकरी बुडवणाऱ्या हंगोरचं नावही त्यांच्या नव्या पाणबुड्यांच्या क्लासला दिलंय.

१५. आयएनएस शिवाजी आणि आयएनएस आंग्रे कुठल्या बंदरात असतात? बघायला मिळतील का?

ही जहाजं नाहीत. नौदलाच्या पद्धतीत जमिनीवरच्या तळालाही जहाज मानतात आणि 'आयएनएस' लावतात. शिवाजी म्हणजे लोणावळ्याची इंजिनिअरिंगची प्रशिक्षण संस्था, आंग्रे मुंबईत फोर्टमध्ये, हमला मालाडला मार्वेजवळ, हंसा गोव्यात दाबोळीला.

१६. आयएनएस बॉम्बे आणि आयएनएस मुंबई एकाच नावाच्या धरायच्या का?

यावर वाद होतात. बॉम्बे ही ऑस्ट्रेलियात बांधलेली छोटी नौका, १९४२ मध्ये जपानच्या चिमुकल्या पाणबुड्यांनी सिडनी बंदरावर हल्ला केला तेव्हा ती तिथे हजर होती. मुंबई ही २००१ ची विनाशिका, दिल्ली क्लासमधली तिसरी. माझं मत, शहर एकच म्हणून वारसा एक धरा, पण यादी करताना दोन वेगळी नावं लिहा, नाहीतर शोधणारा माणूस चकतो.

१७. आजोबा 'राजपूत'वर होते एवढंच माहीत आहे. कुठली राजपूत ते कसं शोधायचं?

आधी साल काढा. पहिली राजपूत म्हणजे ब्रिटिश विनाशिका रॉदरहॅम, ती १९४९ ला आपल्याकडे आली, गाझीच्या शोधात १९७१ ला विशाखापट्टणमहून निघालेली हीच. दुसरी सोव्हिएत बनावटीची, ४ मे १९८० ते २१ मे २०२१. आजोबा ऐंशीच्या आधी निवृत्त झाले असतील तर प्रश्नच मिटला, पहिली. साल आठवत नसेल तर घरातले फोटो काढा, जहाजावर क्षेपणास्त्रांचे मोठे डबे दिसले तर दुसरी, नुसत्या तोफा असतील तर पहिली. डिस्चार्ज बुकमध्ये, म्हणजे नौदल सोडताना मिळालेल्या पुस्तिकेत, जहाजांची नावं तारखांसकट असतात, ते सापडलं तर सगळ्यात उत्तम. रणजित आणि राणा यांनाही हेच लागू, दोघींच्या दोन-दोन पिढ्या. रणवीर आणि रणविजय मात्र एकेकच.